बूट घालून आलेला माणूस

मुलुंडच्या आमच्या चाळीत एका दुपारी शेजारच्या काकूंच्या खोलीत स्टोव्ह भडकला. काकू आतच होत्या. बंब आला तेव्हा दारातून काळा धूर लोटत होता. एक मिशाळ जवान गुडघ्यांवर बसला. "धूर वर असतो, हवा खाली," असं म्हणत, एक हात भिंतीला लावून तो रांगतच आत शिरला. इकडे बंबातलं पाणी संपत आलं, म्हणून आम्ही चाळीच्या टाकीचं झाकण उघडलं आणि त्याच्या साथीदारांनी पाईप तिच्यात सोडला.

आतून त्याची हाक ऐकू आली, "आत कोण आहे?" उत्तर नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मग मोरीतून काकूंचा आवाज आला, "मेल्या, बूट घालून स्वयंपाकघरात शिरलास?"

त्याने त्यांना उचलून बाहेर आणलं. थोड्या वेळात आग विझली, पण काकूंच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

मी त्या जवानाला म्हटलं, "मनावर घेऊ नका हं."

"छे हो!" तो खोकत हसला. "धुरात कोणी शिव्या घातल्या की मला फार बरं वाटतं. शिव्या द्यायला श्वास लागतो ना!"

काकू एकदम गप्प झाल्या आणि पदराने त्याचं काळं तोंड पुसू लागल्या.