दादांचा बचाव फोडण्याचे उपाय

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघातले सगळे आधी आपापल्या तालमीचे होते आणि मग, वेळ उरलाच तर, कॉलेजचे. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. पण नव्वदीच्या दशकात कोल्हापुरात तालमीच्या नावानं गणपती बसायचा, मिरवणूक निघायची आणि फुटबॉलचा संघ मैदानात उतरायचा. कुस्ती ज्याला हौस असेल त्यानं करावी. मी मंगळवार पेठेतला, उजव्या कडेनं पळणारा. आमचा सेंटर फॉरवर्ड शिवाजी पेठेतला. पेठांच्या सामन्यांत आम्ही एकमेकांच्या नडग्या सोलून काढलेल्या होत्या, आणि कॉलेजची फी भरून एकाच रंगाचा बनियन अंगात घातला म्हणून नडग्या काही विसरत नाहीत. एका संघात खेळूनही मी त्याला कधी पास दिला नव्हता. तो मोकळा उभा आहे हे मला चांगलं दिसायचं. दिसलं की मी दुसरीकडं बघायचो. तोही माझ्याशी तसाच वागायचा, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती.

आमच्या खेळाच्या सरांना हा प्रकार कळायला बराच वेळ लागला. सर सोलापूरकडचे, हाडाचे खो-खोपटू. कॉलेजच्या क्रीडा विभागात ते एकटेच असल्यामुळं बुद्धिबळापासून भालाफेकीपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात होतं, त्यात फुटबॉलही. पण माणूस जिद्दी. कुठून तरी एक जाडजूड परदेशी पुस्तक मिळवून त्यांनी आक्रमणाचा अभ्यास केला आणि दुपारी मोकळ्या असणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आमचे तास घ्यायला सुरुवात केली. फळ्याखाली बाटल्यांत मुळं आणि खोडं, फळ्यावर सरांचे बाण. समोरचा बचाव घट्ट असेल तर तो आधी रुंद करायचा, मग मधे घुसायचं, असं ते समजावून सांगायचे. आम्ही माना डोलवायचो. मान डोलवण्यात आमचा संघ विभागात पहिला आला असता.

त्या वर्षी घट्ट बचाव म्हणजे एकच होता. शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजनं सगळ्या स्पर्धेत अंगावर गोल घेतला नव्हता, आणि त्याचं कारण त्यांचा स्टॉपर. बचावाच्या मधोमध उभा राहणारा हा गडी उंचापुरा, आवाज तर असा की स्टेडियमच्या बाहेर चहा पिणाऱ्यालाही आपण कुठं उभं राहावं ते कळावं. सगळे त्यांना दादा म्हणायचे. मार्केट यार्डात घरची गुळाची अडत, नोकरीची गरज नाही, अभ्यासाची तर त्याहून नाही; फक्त खेळायला मिळावं म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ते नव्या कोर्सला प्रवेश घ्यायचे. हे दादा शिवाजी पेठेतल्या आमच्या फॉरवर्डच्या तालमीचे कॅप्टन होते.

साखळी सामन्यात त्यांच्याशी आमची पहिली गाठ पडली तेव्हा याचा अर्थ सरांना समजला. आमचा फॉरवर्ड दोघांना चकवून पुढं गेला, समोर एकटे दादा. सर उठून उभे राहिले. फॉरवर्डनं बॉल पायाखाली घेतला, दादांकडं बघितलं आणि अदबीनं मागं पास दिला. हे पुन्हा झालं आणि पुन्हा झालं. सामना बरोबरीत सुटल्यावर सरांनी त्याला बाजूला घेतलं.

"अरे, पुढं का गेला नाहीस?"

"सर, दादा हाईत की ते. त्यांच्या अंगावरनं बॉल काढू व्हय मी?"

सरांनी आमच्याकडं बघितलं. पण हसतंय कोण? मला तर त्याचं म्हणणं पटलं होतं. आमच्या तालमीच्या कॅप्टनच्या दोन पायांतनं मी बॉल काढला असता तर संध्याकाळी घरी कुठल्या तोंडानं गेलो असतो?

आता अडचण अशी की दोन्ही संघ अंतिम सामन्यात पोचले. आणि त्या सामन्याला विद्यापीठाचा संघ निवडणारी माणसं येणार होती. आमच्यातल्या बहुतेकांना निवड म्हणजे रेल्वेचा फुकट प्रवास आणि एक ब्लेझर. फॉरवर्डचं तसं नव्हतं. त्याला पोलिसात जायचं होतं. पळण्यात, गोळाफेकीत त्याला तोड नव्हती, पण लेखी परीक्षेत दर वेळी आपटायचा. खेळाडूंच्या राखीव जागेतनं तो सहज लागला असता. त्यासाठी विद्यापीठाकडनं खेळल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. कॉलेजातलं त्याचं हे शेवटचं वर्ष. वडील उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होते आणि शेजारच्या लेथवर त्याची जागा धरूनच ठेवली होती. त्या लेथचं नाव निघालं की तो उठून जायचा. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही.

सरांनी आठवडाभर विचार करून आक्रमणाची नवी आखणी केली. तिला त्यांनी खो-खोतलाच शब्द दिला, हूल. फॉरवर्डनं मधे थांबायचंच नाही, बॉल नसतानाही डाव्या कोपऱ्याकडं पळत सुटायचं. गेल्या सामन्यात दादा सावलीसारखे त्याच्या मागं होते, तेव्हा आताही जाणार. मग मधे जे खिंडार पडेल त्यातनं उजवीकडनं मी घुसायचं. कुणी कुणाच्या अंगावरनं बॉल काढायचा नाही, कुणाचा मान जायचा नाही. फळ्यावर हे फार देखणं दिसत होतं. फॉरवर्डनं एकच विचारलं, "मग मला बॉल कवा मिळणार?" सर म्हणाले, "तू असा पळ की तुझं पळणंच त्यांना दिसेल." निवडायला आलेली माणसं गोल बघतात, पळणं बघत नाहीत, हे त्यालाही कळत होतं. तरी तो हो म्हणाला. मला त्याचा राग आला. माझ्या वाटणीचा गोल असूनही आला.

अंतिम सामन्याला दोन्ही पेठा लोटल्या होत्या. कॉलेजांशी कुणाचं देणंघेणं नव्हतं. आपल्या तालमीचं पोरगं कुठल्या बनियनमध्ये खेळतंय तेवढं विचारून लोक बसत होते. माझा चुलता खालच्याच पायरीवर होता.

शिट्टी झाली. फॉरवर्ड ठरल्याप्रमाणं डाव्या कोपऱ्याकडं जीव खाऊन पळाला. दादा जागचे हलले नाहीत. तो परत आला, पुन्हा पळाला. दादा कमरेवर हात ठेवून मधेच. मी खिंडारात घुसायला गेलो तर खिंडाराच्या जागी दादा, आणि मी त्यांच्या छातीवर आपटून खाली. प्रेक्षकांना फॉरवर्डच्या धावण्याचा अर्थ लागेना. "पावणं, यष्टी गेली व्हय?" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळी गॅलरी हसली.

मध्यंतराला सर म्हणाले, "त्यांना आपला डाव आधीच कसा कळला?"

"मी सांगिटला," फॉरवर्ड लिंबू चोखत म्हणाला.

"तू?"

"काल तालमीत दादांनी इच्यारलं, उद्या काय ठरलंय रं? मग सांगिटलं. दादांस्नी खोटं बोलू व्हय?"

कोल्हापूर सोडून बाहेरच्या कुणालाही हा फितूर वाटला असता. आम्हाला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही; उलट दादांनी विचारल्यावर न सांगता राहिला असता तर आम्हीच त्याला बोललो असतो. सरांनी डोकं धरलं आणि मग एकदम वर केलं.

"म्हणजे दादांना पक्कं माहीत आहे, की तुझ्याकडं बॉल येणार नाही."

"व्हय."

"मग तुझ्याकडं कुणी बघतच नसणार. तसाच पळत राहा. आणि तू," म्हणजे मी, "उजवीकडनं आत यायचं, दादा तुझ्यावर आले की बॉल पलीकडं याला टाकायचा. दादांच्या पाठीमागनं. त्यांच्या समोर जायचा प्रश्नच नाही."

परदेशी पुस्तकात हे नव्हतं. हे खो-खोतल्या डोक्यातनं आलं होतं आणि फार नामी होतं. माझी अडचण वेगळी होती. दोन पेठांसमोर, चुलत्याच्या डोळ्यांदेखत, मी शिवाजी पेठेला पास द्यायचा होता.

दुसरा अर्धा भाग संपत आला तेव्हा ती वेळ आली. मी कडेनं सुटलो, एकाला मागं टाकलं, आत वळलो. दादा माझ्यावर आले. पलीकडं, मोकळ्या मैदानात, तो. मला दिसला आणि या वेळी मी दुसरीकडं बघितलं नाही. बॉल उचलून टाकला. दादांच्या डोक्यावरनं तो गेला आणि बरोबर त्याच्या पायात पडला. आयुष्यात दिलेला इतका चांगला पास मला आठवत नाही. मागनं चुलत्याचा आवाज आला, "तू घरला ये, मग बघतो."

फॉरवर्ड आत घुसला. गोलकीपर पुढं आला, आडवा पडला, चुकला. समोर रिकामा गोल. त्यांचा एक बॅक बाजूनं चवताळून धावत येत होता, आता हा पायावर उडी टाकणार आणि पेनल्टी देऊन बसणार हे सगळ्यांना दिसत होतं. दादांनाही दिसलं. ते सगळी ताकद लावून ओरडले, "थांब!"

बॅक थांबला. आमचा फॉरवर्डही थांबला.

तालमीच्या संघात हा नेहमी पुढं असायचा आणि दादा त्याच्या मागं. अख्खं मैदान दादांना दिसायचं आणि ते पाठीमागनं सांगायचे, सोड, मार, थांब. शाळेत असल्यापासून हा त्या आवाजावर खेळत आलेला. मागं वळून बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. पाय बॉलवर ठेवून तो उभा राहिला, पुढचा हुकूम येईल म्हणून. गोलकीपर उठला, आला आणि त्याच्या पायाखालचा बॉल दोन्ही हातांनी उचलून घेऊन गेला.

सामना टायब्रेकरवर गेला आणि आम्ही हरलो. फॉरवर्डनं आपली पेनल्टी कोपऱ्यात मारून गोल केला. तेव्हा दादा मध्यरेषेवर गप्प उभे होते.

संपल्यावर दादा तावातावानं त्याच्याकडं आले. जिंकल्याचा आनंद वगैरे काही नाही.

"रिकामा गोल हुता. तुला थांबायला कुणी सांगिटलं?"

"तुम्हीच की, दादा."

"मी आमच्या बॅकला सांगत हुतो."

"मला काय म्हाईत? तुमचा आवाज आला, थांबलो."

दादा खाली बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. सोडवून झाल्या तरी हात तिथंच होते. मग तसेच, मोज्यांवर, ते निवड करणाऱ्यांच्या टेबलाकडं गेले आणि त्या पोराला घ्या म्हणून सांगून बघितलं. त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "गोलासमोर थांबणारा फॉरवर्ड नेऊन करू काय मी?" आम्ही सगळ्यांनी मिळून फॉरवर्डला शिव्या घातल्या. एकट्या सरांनी घातल्या नाहीत. खो-खोत पाठीमागनं आवाज आला की माणूस विचार न करता उठतो, हे त्यांना कुणी वेगळं सांगायला हवं होतं? ते त्याच्या शेजारी नुसते बसून राहिले.

निवड झाली दादांची. ज्यांना गरज नव्हती त्यांना ब्लेझर मिळाला, तो घालून ते पुढं कधी तालमीत आल्याचं मी ऐकलं नाही. सर उन्हाळ्यात बदली करून सोलापूरला गेले.

निवडीची यादी लागल्यावर दोन-तीन दिवसांनी फॉरवर्ड आमच्या पेठेत आला. शिवाजी पेठेतला खेळाडू मंगळवार पेठेत एकटा येणं सोपं नव्हतं. आमच्या कोपऱ्यावरची पोरं उठून उभी राहिली. हातात पेढ्यांचा पुडा होता. मी विचारलं, "हे कशाचं?"

"आमच्या तालमीचा माणूस विद्यापीठाकडनं चाललाय. वाटायला लागतंय की."

मला इतका संताप आला की पेढा हातात घ्यावा की पुडा गटारात फेकावा कळेना. मी म्हणालो, "आणि तुझं काय रं?"

"सोमवारपासनं लेथवर जातोय."

त्याच्यासाठी जीव तुटणारा सगळ्या कोल्हापुरात मी एकटाच होतो की काय, आणि तो मंगळवार पेठेतला. त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि पुड्याचा दोरा पुन्हा बांधायला लागला. गाठ बसत नव्हती. खाली बघतच तो म्हणाला,

"पास चांगला दिलतास तू."