हात आला, पाय नाही

विहीर खोदताना दगड-माती वर ओढायच्या यारीचा दोर तुटला आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, तळाच्या खडकावर पडले. मनगटाची नस कापून बोटं बधिर झाली, मणका मोडून पाय गेले. पुढं वर्षभरात बोटांना चिमटा कळू लागला आणि अख्खं तिसगाव म्हणू लागलं, "हात आला, तसं पायबी येत्याल." आई रोज रुईच्या पानांत गरम वीट गुंडाळून त्यांचे पाय शेकायची. हातालाही तिनं हेच केलं होतं ना! अपंगांच्या तीनचाकी सायकलचा विषय काढला की घरातले सगळे माझ्यावर धावून यायचे.

मी तेव्हा नगरला, सावेडीत खोली घेऊन जीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. सुट्टीत घरी आले तर आप्पांच्या टाचेला भाजून हा एवढा फोड, आणि त्यांना पत्ताच नाही! माझं डोकंच फिरलं. वीट उचलून परसात भिरकावली. आई ती आणायला गेली आणि मी आप्पांसमोर बसले. माझ्या विषयात मी कुणाच्या बापाला भीत नव्हते. इथं तर बाप माझाच होता.

मी सांगितलं, नसेवर मायलिनचं वेष्टण असतं, मोटारीच्या तारेवर असतं तसं. ते हातापायांत एका जातीच्या पेशी गुंडाळतात, मेंदूत आणि मणक्यात दुसऱ्या. जनुकं दोघींकडे तीच, पण ती चालू-बंद करायची रीत निराळी. नस तुटली की हातातली पेशी वेष्टणाची जनुकं बंद करते, दुरुस्तीची चालू करते आणि नसेला पुन्हा वाढायला वाट करून देते. मणक्यातलीला हे जमत नाही. तिथलं मोडकं वेष्टण उलट नसेला आडवं येतं. "हातावरून पायाचं ठरवू नका, आप्पा. तुमच्या पायांचं तुटलंय ते मणक्यात. पाय येणार नाहीत."

आप्पांनी पायांवर पांघरूण ओढून घेतलं.

"डागदरानं मला तवाच सांगितलं हुतं, पोरी," ते म्हणाले. "पर शेकताना तुजी आई रडत न्हाई."

आई परसातून येऊन केव्हाची दारात ऐकत उभी होती. ती तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. आप्पांनी तिला गप्प हो म्हटलं नाही. तिचं रडून होईपर्यंत आम्ही दोघं थांबलो, आणि मग तिघांनी मिळून तीनचाकीचं ठरवलं.