पाव्हण्यानं आणलेलं टिन

आसेगावातला माझा शेजारी वैशाखातल्या वावटळीला 'पाव्हणा' म्हणायचा. आभाळ पिवळं पडलं की तो बाज, टोपल्या, कोंबड्यांचं खुराडं, सगळं दोरीनं बांधायचा. शेवटी पटक्याचा शेव हनुवटीखाली आवळून म्हणायचा, "आता मीबी बांधलो!" मग कुंपणावरून मला हाक, "भाऊ, टिनावर गोटे ठेवा. पाव्हणा येऊन राह्यला."

मी नुसती मान हलवायचो. पहिल्या निवडणुकीनंतरच्या उन्हाळ्यात तर गोठ्याच्या टिनाच्या पत्र्यावर होते तेही गोटे उतरवून मी न्हाणीत बसवले.

पाव्हणा आला. माझं टिन उडालं आणि शेजाऱ्याच्या घराची कवेलू फोडून त्याच्या अंगणात पडलं. कोणाला लागलं नाही, पण अर्धं छप्पर गेलं. गाव जमलं.

"कोनाचं हाय बे हे टिन?" कोणीतरी विचारलं.

मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.

माझ्याकडे न बघता शेजारी म्हणाला, "पाव्हण्यानं आहेर आनला. आहेराले नाव कायले इचारता?"

सगळे हसले. मला हसता आलं नाही, जेवणही गेलं नाही. दिवस मावळता मावळता मी त्याच्याकडे गेलो. तेच टिन छपराच्या भगदाडावर टाकून तो वर बसला होता.

"ते टिन माह्यं हाय," मी एका दमात बोललो.

"मालूम हाय. पन आता ते माह्या घरावर बसलं." तो पटका सावरत हसला. "चार गोटे कमी पडून राह्यले भाऊ. तुमच्या न्हाणीतले आना."

त्या संध्याकाळी आमच्या घरची न्हाणी मोडली.