खोली बापूंच्या हवाली

पहिल्याच भेटीत बापू तोरस्करांनी मला माझीच करंजी खायला लावली होती.

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. मुलुंड पूर्वेच्या त्या दोन मजली इमारतीत आम्ही नुकतेच भाड्यानं राहायला आलो होतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, बाहेर सगळ्यांना मिळून एक लांब गॅलरी. मी हौसेनं फराळाचं ताट घेऊन शेजारच्या दारात गेले. दार अर्धंच उघडलं. आतून एक टक्कल आणि दोन बारीक डोळे बाहेर आले. "ह्या करंज्या कोणी केल्या?" म्हटलं, मीच. "मग आधी तूच खा." मला वाटलं थट्टा आहे. छे! थट्टा कसली! दारात उभी राहून मी अख्खी करंजी संपवली आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग ताट घेतलं आणि म्हणाले, "राग मानू नको गो बाय. मी कोणाक चोर म्हणत नाय. मी फकत दार लावून घेतंय." आणि खरोखरच दार लावून घेतलं. मी घरी येऊन रडले होते, खोटं कशाला सांगू!

बापू मूळचे मालवणकडचे. ऐन तारुण्यात मुंबईला येऊन गिरणीला लागले, आणि मी पाहिलं तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते. बायको वारलेली. एक मुलगा, दिगू, कारखान्यात फिटर. बापूंचा सगळा दिवस गॅलरीत खुर्ची टाकून जायचा, आणि खुर्ची नेहमी भिंतीला पाठ लावून. जिन्यावरून कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय आहे, सगळं त्यांना ठाऊक. एखाद्यावर संशय आला की त्याला एकच प्रश्न ते तीनदा विचारत. एकदा जिन्यात, एकदा नळावर, एकदा चहाचा कप हातात देऊन. "खरा असेल तर तिन्ही वेळा तसाच येतला," म्हणायचे. दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, गणपतीची वर्गणी मागणारी पोरं, ह्या फेऱ्यातून कोणी सुटलं नाही.

आणि आमचे हे! ह्यांच्याइतका भोळा माणूस मुलुंडपासून दादरपर्यंत सापडला नसता. शाळेत गणित शिकवायचे, पण व्यवहाराच्या नावानं आनंद. एकदा "कुकर दुरुस्त करून आणतो" म्हणून कोणी अनोळखी माणूस दारात आला, तर ह्यांनी त्याला कुकर दिला आणि वर चहाही पाजला. कुकर गेला तो गेलाच. बापूंना कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण त्या दिवसापासून ह्या मास्तरांवर त्यांचा काय जीव जडला, देव जाणे. रोज संध्याकाळी ह्यांना खुर्चीशेजारी बसवून घ्यायचे आणि जगात कोण कसं फसवतं त्याचे पाठ द्यायचे. हे हसत ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणाला तरी छत्री देऊन यायचे.

ऐंशीनंतरची गोष्ट. आफ्रिकेत शिक्षक हवेत म्हणून तेव्हा आपल्याकडची बरीच माणसं जात होती. ह्यांनीही अर्ज केला, मुलाखत झाली आणि चक्क बोलावणं आलं. झांबिया. तीन वर्षांचा करार, राहायला बंगली, मुलांना शाळा. आमच्या घरात आनंद कमी आणि धाकधूकच जास्त. सासूबाई रत्नागिरीहून निरोप पाठवत होत्या, जाऊ नका म्हणून. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन. मी तर ठाण्याच्या पलीकडे एकटी कधी गेले नव्हते. बापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतका चांगला असा, तर थंयचे लोक खंय गेले शिकवूक?" 

पण खरा घोर झांबियाचा नव्हता. खोलीचा होता. मुंबईत भाड्याची खोली म्हणजे काय, ते मुंबईकरालाच कळेल. कुलूप लावून गेलं आणि सहा महिने दार बंद दिसलं की मालक कोर्टात जायला मोकळा. कोणाला ठेवून गेलं, तर तो परत निघेल ह्याची खात्री नाही. तीन वर्षांनी दोन पोरं घेऊन परत यायचं, तर यायचं कुठे? उत्तर द्यायला तिकडच्या शाळेनं एक महिना दिला होता.

सगळ्यात आधी माझा चुलतदीर शशी दहिसरहून धावत आला. "दादा, तू बिनधास्त जा रे! मी आहे ना, झकास सांभाळतो." हे लगेच खूश. बापू दारात उभे. शशीनं चहा घेतला, खोलीभर फिरला, आणि जाता जाता ह्या भिंतीत खिळा ठोकला तर पडेल का, म्हणून मला विचारलं. तो जिना उतरल्याबरोबर बापू आत आले. "राखणीला येणारा माणूस खिळ्याचं विचारत नाही, मास्तर. ह्याका नाय म्हणून सांग." मग माझा भाऊ विजू आला चेंबूरहून. सख्खा भाऊ! त्याच्यावर तरी नको संशय, असं मी बापूंना चांगलं ठणकावून सांगितलं. बापूंनी त्याला जिन्यात विचारलं, लग्नाचं कुठवर आलं? "छे हो, एवढ्यात नाही." पुढच्या रविवारी गॅलरीत विचारलं. "बघतोय एकदोन ठिकाणी." तिसऱ्यांदा त्याच्या हातात आमच्याच घरचा चहा देऊन विचारलं, तेव्हा तो गडबडला आणि बोलून गेला, की मुलीकडच्यांना मुलुंडला खोली आहे असं सांगून ठेवलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाला मी त्या दिवशी जेवायलाही थांब म्हटलं नाही.

ह्यांनी शेवटी झांबियाला नाही म्हणून कळवायचं ठरवलं. त्या संध्याकाळी बापू आमच्याकडे आले आणि कधी नव्हे ते दार लावून बसले. त्यांच्या गावच्या घराची गोष्ट त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितली. मुंबईला निघताना चुलतभाऊ म्हणाला होता, तू जा, मी दिवा लावतो घरात. बापू चार वर्षांनी गणपतीला गावी गेले. भावानं पाय धुवायला पाणी दिलं, ओटीवर पाट मांडला आणि पाहुण्याला वाढतात तसं आग्रह करकरून वाढलं. "माझ्याच घरात भाऊ माका आग्रह करी होतो. थंयच समाजलंय, घर गेला." बोलताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. मग म्हणाले, "मास्तर, तू जा. तुझ्या खोलीत मी झोपतो. भाडं तुझ्या नावानं मी भरीन."

माझा जीव भांड्यात पडला. मी देवाकडे बघून हातही जोडले. पण ह्यांनी वेळ मारून नेली. "बघतो," म्हणाले. ह्यांनी! ज्यांनी कुकर दिला त्यांनी!

बापू गेल्यावर हे मला हळूच म्हणाले, "त्यांचं घर गेलेलं आहे गं. दिगूचं लग्न झालंय, सुनेला दिवस गेलेत. एका खोलीत तिघं, आता चौथं येणार. शशीला नाही म्हटलं, विजूला नाही म्हटलं, आणि मग बापूच तयार झाले. तुला विचित्र नाही वाटत?" मी त्यांच्या अंगावर खेकसले. म्हटलं, लाज वाटत नाही? पण रात्रभर माझ्याही मनात पाल चुकचुकत राहिली. शशी गेला, विजू गेला, दोघांनाही बापूंनीच उडवलं, हे काही खोटं नव्हतं.

रविवारी हे भांडुपला गेले. तिथे बापूंच्या गावची बरीच मंडळी राहत. चार घरी बसून बापूंची चौकशी करून आले. सगळे म्हणाले, माणूस किरकिरा, पण कोणाच्या काडीला हात लावणार नाही. हे निश्चिंत होऊन घरी आले. पण भांडुपातली बातमी ह्यांच्या आधी मुलुंडला पोचली असणार, कारण चपला काढतात न काढतात तोच बापू दारात.

"मास्तर, भांडुपाक गेल्लस?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक. "हो."

"माझी चौकशी करूक?"

"हो, बापू."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बापू तसेच उभे. मग आत आले, खुर्चीवर बसले आणि ह्यांच्या पाठीवर असा दणका दिला की ह्यांना ठसका लागला. "शाब्बास रे मेल्या! आता तू जा. माका खोलीची भीती नव्हती, तुझी होती. परक्या मुलखात तुका कोणी विकून खाल्ला असता. आता नाय खाणार." ते हसत होते खरे, पण डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा लावला, तो बराच वेळ काढला नाही. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत पळाले. खूश झाले होते का दुखावले होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

त्यानंतर बापूंनी स्वतःवरच पहारा बसवला. वकिलासमोर माझ्याकडून लिहून घे म्हणाले. हे म्हणाले, नको बापू, लाजवू नका. तर कडाडले, "परत भोळो झालस?" लिहून दिलं तेव्हाच शांत झाले. वर आपल्याच अटी घातल्या. खोलीत ते एकटेच झोपणार, आपल्या चटईवर. आमच्या पलंगावर नाही. सुनेनं आत पाऊल टाकायचं नाही. आत काहीही शिजवायचं नाही. "एकदा चूल पेटली की माणूस थंयसून निघत नाय. माका ठावक असा."

आम्ही गेलो. परक्या मुलखात ह्यांना कोणी फसवलं नाही, उलट हेच सगळ्यांकडे बापूंच्या डोळ्यांनी बघायला लागले. नोकर बागेला पाणी घालतोय तर का घालतोय, शेजारी गोड बोलतोय तर कशाला. मला कधी हसू यायचं, कधी नको वाटायचं.

दुसऱ्या वर्षी दिगूचं पत्र आलं. बापू गेले, झोपेतच गेले. मी हंबरडा फोडला. ह्यांनीही डोळे पुसले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "संपलं. खोली गेली आता." मी म्हटलं, अहो, तो माणूस गेला आणि तुम्हाला खोली सुचते? म्हणाले, "कागद बापूंनी लिहून दिलाय, दिगूनं नाही. दिगूला आता दोन पोरं आहेत. तू त्याच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"  पुढचं वर्षभर आम्ही दिगूला पत्रं पाठवली आणि त्याचं प्रत्येक वेळी एकच उत्तर: सर्व ठीक आहे. ह्यांना तेच खटकायचं. सर्व ठीक कसं असेल?

करार संपला. मुंबईला उतरलो तेव्हा ह्यांच्या खिशात एका वकिलाचा पत्ता तयार होता. सामान माझ्या नणंदेकडे घाटकोपरला टाकलं आणि मुलांना तिथेच ठेवून दोघंच मुलुंडला गेलो. न कळवता. दुपारची वेळ, म्हणजे रंगेहाथ पकडायचं होतं. जिना चढताना हे माझ्या कानात म्हणाले, "तू काही बोलू नकोस. आधी मला आत बघू दे."

आमच्या दाराला कुलूप होतं. आणि बापूंच्या दारासमोर, गॅलरीत, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांत, सतरंजी टाकून त्यावर दिगूची दोन पोरं झोपली होती. धाकटं तर अजून रांगण्याच्या वयाचं. पडू नये म्हणून कठड्याच्या बाजूला पाट उभा करून ठेवलेला. दिगूची बायको सुमन पाण्याची कळशी घेऊन आली आणि आम्हाला बघून थबकली.

"घरात उकडतं हो. एवढ्याशा खोलीत जागा कुठे?" तिनं आम्ही न विचारताच सांगितलं.

"आणि आमची खोली?" हे म्हणाले. आवाज चोरट्यासारखा झाला होता.

"तुमच्या खोलीत हे झोपतात. रात्री. एकटे. मामंजींनी आधीच शपथ घालून ठेवली होती ना, मास्तर येईपर्यंत राखायची म्हणून. मी अजून आत पाऊल टाकलेलं नाही. मामंजी गेले त्याच्या दुसऱ्या रात्रीपासून हे चटई घेऊन तिकडे आणि मी पोरं घेऊन इकडे."

तिनं कळशी खाली ठेवली, आत गेली, किल्ली आणली आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ स्वतःच बंद केली.

"घ्या वहिनी तुमची खोली," ती म्हणाली, "आणि माझा नवरा मला परत द्या."

ती हसून म्हणाली असती तर बरं झालं असतं. हे तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागले. मी धाकट्याला उचललं, कुलूप उघडलं आणि त्याला सरळ नेऊन आमच्या पलंगावर निजवलं. मग बाहेर येऊन मोठ्यालाही नेलं. सुमन उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, तिला हात धरून आत ओढावं लागलं. बापूंवर मी आयुष्यात इतकी कधीच चिडले नव्हते, आणि ज्यांच्यावर चिडायचं ते माझं ऐकून घ्यायला नव्हते.