कुसुंबाचा घेर

बागेचे मुकादम तावडे कुदळ घेऊन आले तेव्हा मी टेप गुंडाळत होते. झाड क्रमांक तीनशे सतरा, कुसुंब, घेर एकशे एकोणीस सेंटीमीटर. आकडा फॉर्मवर लिहून झाला होता.

"मॅडम, थांबा जरा. ह्याचा आकडा चुकतोय तुमचा."

"स्टीलची टेप आहे, तावडे. दोनदा मोजलंय."

"टेपला कोण काय बोलतंय? तुम्ही काल म्हणालात, झाडाची छाती मोजतो. मग ही छाती नाय, गळा आहे. हे झाड गुडघ्यापर्यंत मातीत पुरलंय."

आणि त्यांनी बुंध्याशी कुदळ टेकवली. मी हात आडवा धरला.

तो हात मी का आडवा धरला, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि गेली बावीस वर्षं झाडं मोजते. आमचं ऑफिस लहान आहे. सोसायट्या, बिल्डर, सरकारी खाती आम्हाला ट्री सर्व्हे करायला बोलावतात. प्रत्येक झाडाला नंबर द्यायचा, जात लिहायची, उंची, घेर, तब्येत लिहायची. घेर कुठेही मोजून चालत नाही. खाली बुंधा पसरलेला असतो, वर निमुळता होत जातो. म्हणून जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटीमीटरवर मोजायचा, असं ठरलेलं आहे. साधारण माणसाच्या छातीएवढी उंची. घेरावरून वय काढतात. आमच्या तक्त्यात कुसुंबाला वर्षाला अडीच सेंटीमीटर धरलं होतं. एकशे एकोणीस भागिले अडीच, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं आणि थोडे महिने. वय पन्नास किंवा त्याहून जास्त निघालं तर झाड हेरिटेज ठरतं आणि ते तोडणं सोपं राहत नाही.

बाग मुलुंडची. मीही मुलुंडचीच. मुलगी लहान असताना तिला घसरगुंडीवर न्यायचे तेव्हा या कुसुंबाखालून शेकडो वेळा गेले असेन. फेब्रुवारीत त्याला तांबडीलाल पालवी फुटते. लांबून बघणाऱ्याला फुलंच वाटतात. त्या दिवशीही झाड तसंच लाल होतं आणि खाली दोन आजोबा बाकावर बसून एकमेकांची शुगर विचारत होते.

सर्व्हे कशासाठी होता तेही सांगते. बागेला एकच मोठं गेट होतं, तेही पश्चिमेला. आदल्या वर्षी एक गृहस्थ फिरता फिरता कोसळले, तेव्हा अँब्युलन्सचं स्ट्रेचर अर्धा किलोमीटर हाताने उचलून न्यावं लागलं. म्हणून पूर्वेकडून गाडी आत येईल असा रस्ता करायचं ठरलं. मागणी योग्यच होती. नकाशावरच्या रेषेत नऊ झाडं येत होती. त्यांत एखादं हेरिटेज निघालं, तर रस्ता चार मीटर उत्तरेला सरकणार होता. तिथे नुसतं गवत होतं. पण सरकवायचं तर नकाशा नव्याने मंजूर करावा लागणार, म्हणून कारण कागदावर हवं होतं.

आमच्याकडे बागेतली सगळी मिळून सहाशे बेचाळीस झाडं होती आणि अकरा दिवस. म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न.

"तावडे, मुळाशी खणायची मला परवानगी नाही," मी म्हटलं.

"मी खणतो ना. माझी बाग आहे."

"आणि मग बाकीच्या सहाशे एक्केचाळीस झाडांचं काय? एकाला खणून मोजायचं आणि बाकीच्यांना वरून? असा सर्व्हे होतो का?"

तावडेंची मालवणी बाहेर आली. ती ते रागावले की येते, हे मला चार दिवसांत कळलं होतं.

"बाकीची झाडा वर हत ओ. ह्या एकच खालच्या कोपऱ्यात. बाजूचो नालो खोल केल्यानी, तेव्हा सगळो गाळ, माती हय आणून टाकल्यानी. कोणी टाकली म्हायत आसा? मीया! नवीनच लागलेलंय. पाटी डोक्यार घेवन दीड महिनो माती पसरलंय. माका सांगतास, जमीन खय आसा ती?"

मी बुंध्याकडे पाहिलं. आता सांगायला लाज वाटते, पण खूण समोर होती. वय झालेलं झाड जमिनीशी पसरत जातं, हत्तीच्या पायासारखं. हे झाड जमिनीतून विजेच्या खांबासारखं सरळ वर आलं होतं. असं दिसलं की भराव असण्याचा संशय घ्यायचा, हे मी स्वतः नव्या मुलींना शिकवते.

मी कर्णिक सरांना फोन लावला. आमच्या ऑफिसचे मालक तेच.

"सर, तीनशे सतराला भराव वाटतोय. मुकादम म्हणतात दोन फूट."

"कागद आहे का काही भरावाचा?"

"नाही. त्यांनी स्वतः माती टाकली होती."

"अहो शुभांगी, उद्या कोणी विचारलं तर काय सांगू? मुकादमाला आठवतं म्हणून? पद्धतीत काय लिहिलंय?"

"जमिनीपासून."

"जमीन म्हणजे आजची जमीन. तुम्हीच तर एवढ्या काटेकोर. आणि काय, रेषेतलं आहे का ते झाड?"

"हो."

"मग तर अजिबातच नको. रेषेतल्या झाडाचाच आकडा आपण हात लावून वाढवला, असं दिसेल."

सर चुकीचं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट बरं वाटलं. माझ्या मनात जे होतं तेच त्यांनी सांगितलं होतं. झाड मला आवडत होतं. आवडत्या झाडासाठी नियम वाकवायचा नाही, याचा मला थोडा अभिमानही होता.

फॉर्मच्या शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. त्यात एवढंच लिहिता आलं असतं: 'बुंध्याशी भराव असण्याची शक्यता, तपासणी करावी.' सहा शब्द. त्यासाठी खणावं लागत नव्हतं, कोणाची परवानगी लागत नव्हती, आकडाही बदलत नव्हता. मी लिहिलं नाही. ऐकीव माहिती शेऱ्यात घालायची नाही, ही माझी सवय होती. माती टाकणारा माणूस समोर उभा होता आणि मी त्याच्या बोलण्याला ऐकीव म्हटलं.

तावडे कुदळ खांद्यावर टाकून निघाले. जाता जाता म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात रिटायर होतोय. तेवढं बघा काही जमलं तर." मी "बघते" म्हटलं.

रात्री जेवताना घरी सांगितलं. माझा नवरा बँकेत आहे, झाडांतलं त्याला काही कळत नाही.

"मग खणून बघायचं ना!" तो म्हणाला.

"पद्धतीत बसत नाही रे."

"तू भाजीवाल्याच्या काट्याखाली हात घालून बघतेस, आणि इथे दोन फूट खाली बघायला लाज वाटली?"

मुलगी हसली. मीही हसले आणि भात वाढून घेतला.

मार्चअखेरीस अहवाल गेला. एप्रिलमध्ये नऊ झाडांवर नोटिसा लागल्या आणि हरकती मागवल्या. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी बेचाळीस सह्यांचं पत्र दिलं. कुसुंब फार जुनं आहे, असं त्यात होतं. तावडेंची सही नव्हती. नोकरीत असताना ते सही कशी करणार? पत्राला दोन ओळींचं उत्तर आलं: सर्वेक्षणानुसार रेषेतील एकही झाड पन्नास वर्षांचे नाही. सोबत माझा तक्ता जोडला होता. आकड्यांत एकही खाडाखोड नव्हती. पत्र देणाऱ्यांपैकी एक बाई मला बागेत भेटल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही शास्त्रीय मोजलंय म्हणजे आमचं काय चालणार?" त्यांना पटलं होतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाडं पाडली. पाडलेल्या झाडांचे नंबर यादीशी जुळवून बघायचे असतात, म्हणून मी गेले. आठ जुळवले. तीनशे सतराजवळ जेसीबी बुंधा उपटत होता. झाड जमिनीपासून बरोबर एक फुटावर कापलं होतं. वरचे तुकडे ट्रकमध्ये गेले होते, खालचा ओंडका जड म्हणून अजून पडून होता. बाक तसाच होता. त्यावर ऊन आलं होतं, बसलेलं कोणी नव्हतं.

खड्ड्याच्या कडेला तावडे उभे होते. नोकरीचे त्यांचे पंधरा दिवस उरले होते.

खड्डा बघायला मला वाकावंही लागलं नाही. वरचा थर काळपट, त्यात विटांचे तुकडे आणि फुटकी कौलं. त्याखाली मुरमाड तांबडी माती. दोन थरांमधली रेषा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती आणि बरोबर त्या रेषेवर बुंधा चहूबाजूंनी पसरायला लागला होता. मी टेप सोडली. भराव अठ्ठावन्न सेंटीमीटर.

मग मी ओंडक्याकडे गेले. गणित सोपं होतं. खऱ्या जमिनीपासून एकशे सदतीस, त्यातून भरावाचे अठ्ठावन्न वजा, राहिले एकोणऐंशी. त्यातून जमिनीवर उरलेल्या खुंटाचे तीस वजा. म्हणजे ओंडक्याच्या कापलेल्या टोकापासून एकोणपन्नासवर खरी छाती. तिथे खडूने खूण केली. आडव्या ओंडक्याखालून टेप जाईना. तावडेंनी पहार घातली, ओंडका जरा उचलला आणि दुसऱ्या हाताने टेप पलीकडून ओढून दिली.

"किती?"

"एकशे तेहतीस."

"वर्षं सांगा."

"त्रेपन्न."

तावडेंनी पहार काढली. ओंडका खाली बसला.

"तावडे, चूक माझी झाली," मी म्हटलं. ते म्हणतील, जाऊ दे मॅडम, तुमचं कामच तसं, अशी माझी अपेक्षा होती, हे कबूल करते.

"होय," ते म्हणाले. आणि पहार घेऊन शेडकडे गेले.

मी ऑफिसला लेखी कळवलं. आकडे, फोटो, थरांची जाडी, सगळं. कर्णिक सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे आता कोणाला पाठवू? झाड कुठे आहे?" पत्र फाइलला लागलं. अहवाल बदलला नाही, कारण तोडलेल्या झाडाचा अहवाल दुरुस्त करायची पद्धत नाही.

रस्ता झाला. चांगला झाला. त्यावरून अँब्युलन्स आत येऊन एका बाईंना वेळेत घेऊन गेली, हे मी स्वतः पाहिलं आहे. रस्ता नको होता असं मी म्हणत नाही. चार मीटर उत्तरेला असता तरी अँब्युलन्स तितक्याच वेळात पोचली असती, एवढंच म्हणते. नऊ झाडांच्या बदल्यात लावलेली रोपं कुंपणाशी आहेत. त्यांत कुसुंब नाही. नर्सरीत नव्हतं.

तावडेंच्या निरोपाच्या चहाला बागेतल्या सगळ्यांना बोलावणं होतं. सर्व्हेवाल्यांना नव्हतं, आणि नसायलाच हवं होतं. तावडे आता कणकवलीजवळ गावी असतात, असं नव्या मुकादमाने सांगितलं. फोन नंबर माझ्याकडे आहे. केलेला नाही. सांगण्यासारखं नवीन काही नाही.

माझ्या कामात बदल झाला तो असा. झाड खांबासारखं सरळ वर आलेलं दिसलं की मी खुरप्याने बुंध्याशी माती बाजूला करते आणि मग मोजते. दहापैकी सात-आठ वेळा काहीच निघत नाही. दिवसाला अठ्ठावन्नऐवजी माझी पंचेचाळीस झाडं होतात आणि सर त्यावरून बोलतात. बोलू देत. शेऱ्याचा रकाना मी आता कोरा सोडत नाही. कोणी काही सांगितलं तर त्याचं नाव लिहून जसंच्या तसं उतरवते. खरं-खोटं पुढचा माणूस तपासेल, पण तपासायला त्याच्या हातात काहीतरी असायला हवं. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी टेप देत नाही. आधी बागेतल्या सगळ्यात जुन्या माणसाला शोधून काढा आणि जमीन कुठे आहे ते विचारा, असं सांगते. त्यांना वाटतं, मॅडम गंमत करतायत.