भांडी फोडा, नावा बुडवा
परवा भात करपला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातला माझा चिनी रूममेट आठवला. पीएचडीच्या परीक्षेत तो नापास झाला त्या दिवशी त्याचा भात असाच जळत होता. “आमच्यात म्हणतात, भांडी फोडा, नावा बुडवा,” तो म्हणाला. “एका सेनापतीने नदी ओलांडल्यावर खरंच तसं केलं, सैन्य मागे फिरू नये म्हणून.” मी जोशात सिंहगडावरच्या कापलेल्या दोरांची गोष्ट ऐकवली. म्हटलं, “आणि आम्ही जिंकलो!” “तोही जिंकला,” रूममेट म्हणाला. “पुढे हरला, तेव्हा मात्र नदीकाठी नाव तयार होती. कुठल्या तोंडाने घरी जाऊ म्हणत त्याने काठावरच जीव दिला.” मी करपलेलं पातेलं घासायला घेतलं. तिसऱ्या दिवशी पोलीस त्याच्या मृत्यूची बातमी घेऊन आले. त्याच्या टेबलावर चीनला परतायचं तिकीट तसंच पडून होतं. मुलांना मी गडांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या, ती दोरांची एक सोडून.