कस्पभोवती फिरताना

आमच्या जबलपूरच्या मॅथ्स डिपार्टमेंटमध्ये चार जण चहाला जमले की पाचव्याचा किस्सा करूनच उठतात! त्यातले काही सांगतोच.

*

आमचे देवधर सर वक्ररेषांवर, म्हणजे कर्व्हवर काम करतात. एकदा समोर खव्याची जलेबी आली, तर सरांचं बोट तिच्यावरून फिरायला लागलं. "रेघ स्वतःलाच ओलांडते तो नोड. टोक काढून माघारी फिरते तो कस्प. या जलेबीत कस्प का नाही?"

जलेबीवाला म्हणाला, "साहब, अभी तो खाइए! अगली बार वो भी डाल देंगे!"

*

कर्व्हभोवती लूप टाकायच्या. ज्या आवळून नाहीशा होत नाहीत, त्यांचा हिशोब म्हणजे फंडामेंटल ग्रुप. हे पटवायला सरांनी गावातल्या राइट टाउन भागात स्कूटर साखळीने खांबाला बांधली, कुलूप दाबलं. "खांब आहे तोवर ही लूप सुटणार नाही!"

खरंच सुटली नाही. किल्ली घरी होती!

*

सरांची विद्यार्थिनी शलाका जबलपूरच्याच रांझी भागातली. नोड, कस्प असल्या बिंदूंना सिंग्युलॅरिटी म्हणतात, तिचं काम त्यांच्यावर. बसमध्ये शेजारच्या काकू भेटल्या. "काय करून राहिली सध्या?"

"सिंग्युलॅरिटीवर काम करून राहिली, काकू."

"सिंगल आहे ते माहीत आहे गं! आमचा भाचा बँकेत आहे, बोलू का?"

*

शलाकाची पीएचडी एकाच गोष्टीवर अडली होती. तिच्या दोन कर्व्हचे कस्प सारखेच, पण ग्रुप वेगळे, हे सिद्ध करायचं होतं. त्यासाठी हवा ब्रेड ग्रुप. ब्रेड म्हणजे पाव नव्हे, वेणी! कस्पपाशी लूप तीनपेडी वेणीच्या नियमाने गुंततात.

एक दिवस ती बॉबकट करून आली. सर दचकले. "काहून कापले केस?"

"सर, थीसिसमध्ये वेणी, डोक्यावर वेणी! एक तर काढावीच लागणार होती."

महिन्याभरात प्रूफ हातात! सर तर वर्गातच नाचले.

*

मग व्हायवा. नागपूरहून आलेल्या परीक्षक मॅडम कडक, त्यात प्रोजेक्टर बंद पडला.

"वेणीचा नियम, म्हणजे डावं-उजवं-डावं आणि उजवं-डावं-उजवं एकच, हे प्रत्यक्ष दाखवा. त्याशिवाय मी पुढचं मानणार नाही."

शलाकाचा हात सवयीने पाठीकडे गेला. तिथे वेणी कुठे! सर पांढरेफटक पडले.

मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःची लांब वेणी सोडली आणि खुर्ची फिरवून पाठमोऱ्या बसल्या. "हं, करा."

शलाकाने तीन पेड घेतले. "दरवेळी डावा पेड वरून, मॅडम. डावी जोडी, उजवी जोडी, डावी जोडी."

मॅडमनी गुंफण बोटांनी चाचपली. शलाकाने ती सोडून पुन्हा केली. उजवी, डावी, उजवी. मॅडमनी परत चाचपली. अगदी तीच!

"आणि नुसतं डावं-उजवं, उजवं-डावं?"

"ते वेगळं, मॅडम! एका कर्व्हच्या ग्रुपात ते एकच होतं, दुसऱ्याच्या नाही, तिथेच तर माझे ग्रुप वेगळे पडून राहिले!"

मॅडम पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ठीक आहे. आता पूर्ण वेणी घाला आणि रबर लावा, डॉक्टर!"